ईरम्माच्या तोंडातलं पान

साखर पेठेतल्या राजय्या मालकांच्या चादरीच्या कारखान्यात ईरम्मा मुकादमीण होती. मुकादमीण म्हणजे काय असते हे ज्याला ठाऊक नसेल त्याने तिला सकाळी फाटकातून आत येताना एकदा बघायला हवं होतं. अंगावर इरकली लुगडं, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि कमरेला पानाची चंची. ती दारात दिसली की कांडी खात्यातल्या बायकांचा कलकलाट एकदम थांबायचा. कुणी थांबली नाहीच, तर ईरम्मा कानडीत ‘सुम्नीर!’ म्हणायची. म्हणजे गप्प बस. नव्या येणाऱ्या प्रत्येक बाईने कारखान्यात शिकलेला पहिला कानडी शब्द तोच असायचा आणि पुष्कळजणींचा तोच शेवटचाही.

कांडी खात्याचं काम सांगायला सोपं होतं. रंगवून वाळवलेल्या सुताच्या लडी तिथे यायच्या. बायका त्या यंत्रावर चढवून सूत कांड्यांवर भरायच्या आणि भरलेल्या कांड्या भिंतीपलीकडच्या मागांवर जायच्या. तिथे पुरुष चादरी विणायचे. इकडे कांडी थांबली की तिकडे माग थांबे, आणि माग थांबला की विणकरांच्या शिव्या भिंत ओलांडून येत. खात्यातली सगळी यंत्रं एकाच मोटारीवर चालत. छताखाली लांब दांडा गरागरा फिरायचा, त्यावरून प्रत्येक यंत्राला चामडी पट्टा. मोटारीचा खटका भिंतीवर होता, ईरम्माच्या स्टुलाशेजारी, आणि त्या खटक्याला ईरम्माशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम होता.

नियम वाईट नव्हता. पूर्वी एकदा एका पोरीचा पदर पट्ट्यात गेला होता. जी ती खटका बंद करायला धावली, एकमेकींवर आदळली, आणि एकीने बंद केलेला खटका दुसरीने घाबरून पुन्हा वर केला. ईरम्माने लुगडं फाडून पोरीला ओढून काढलं म्हणून ती वाचली. तेव्हापासून खटका ईरम्माचा. पण नियम एकदा हातात आला की माणूस त्याला लेकरासारखा वाढवत नेतो. आधी खटका तिला विचारून, मग लड बदलायची तर तिला विचारून, मग पाणी प्यायला उठायचं तर तिला विचारून. ‘मला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय,’ हे ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची की बायका घरी तव्यावरची भाकरी उलटतानाही क्षणभर थांबत असतील.

बाई मूळची अक्कलकोटच्या पलीकडची. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला मराठीतले ‘हो’ आणि ‘नको’ एवढे दोनच शब्द येत होते, आणि त्यातला ‘हो’ ती पुढे विसरली, असं खात्यातली सोजरबाई तिच्या पाठीमागे म्हणायची. नवरा चन्नप्पा गिरणीत होता. छातीच्या दुखण्याने तो लवकर गेला, आणि पदरात एक मुलगी घेऊन ईरम्मा कांड्या भरायला लागली. त्या वेळी खात्यावर पुरुष मुकादम होता. त्याचं नाव घेऊन तोंड विटाळायला नको. बायकांनी त्याच्यासाठी घरून चटणी-भाकरी आणायची, त्याच्याशी हसून बोलायचं, आणि जी हसणार नाही तिच्या वाट्याला गुंत्याची लड. एक दिवस तो ईरम्माला म्हणाला, ‘हस की गं जरा.’ तिने समोरची गुंत्याची लड उचलून त्याच्या गळ्यात घातली आणि साऱ्या खात्यासमोर म्हणाली, ‘हं. आता हसते.’

राजय्यांचे वडील तेव्हा मालक होते. त्यांनी चौकशी केली, मुकादमाला वाट दाखवली आणि त्याच्या स्टुलावर या बाईला बसवलं. पेठेत लोक हसले. हसणारे थकले, ईरम्मा काही थकली नाही. तिने खात्याला शिस्त लावली, लेकुरवाळ्या बायकांना खांबाला झोळी बांधायची परवानगी मिळवून दिली आणि विणकरांपैकी कुणी विनाकारण या बाजूला डोकावलं तर त्याला सुम्नीर म्हणजे काय ते समजावून दिलं. दुष्काळात मंगळवेढा, मोडनिंब अशा गावांकडून ज्या बायका शहरात आल्या आणि पाऊस पडल्यावरही परत गेल्या नाहीत, त्या याच खात्यात टिकल्या. झोळीतलं पोर डोळ्यांसमोर ठेवून काम करता येईल अशी जागा दुसरीकडे कुठे होती?

सगळं चांगलंच होतं म्हणायचं. दिव्याखाली अंधार असतो तो दिव्याला दिसत नाही, एवढंच.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. ईरम्मा चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला माहेरी गेली. तेवढे दिवस मालकांचा माणूस सकाळी खटका वर करून जाई आणि संध्याकाळी खाली. परत आली तर कारखान्यात चादरींचा ढीग बाजूला काढून ठेवलेला आणि राजय्या मालक डोक्याला हात लावून बसलेले. रंगखात्यातून लाल सुताची एक खेप फिकी आली होती. ती गडद लालाबरोबरच कांड्यांवर भरली गेली, मागावर गेली, आणि प्रत्येक चादरीच्या मधोमध पुसट पट्टा उमटला.

“ईरम्मा, तुमी न्हवता आन् हे असं झालं बगा,” मालक म्हणाले.

खरं सांगायचं तर हे ऐकून ईरम्माला बरं वाटलं. चादरी गेल्याचं वाईट वाटलंच, पण पोटात कुठेतरी गुदगुल्या झाल्या. आपल्यावाचून पान हलत नाही हे कुणाला आवडत नाही? ती पदर खोचून खात्यात आली आणि बायकांवर तुटून पडली. डोळे होते की बटणं होती, इथपासून सुरुवात केली. सगळ्या माना खाली घालून उभ्या राहिल्या. शेवटी मंगळवेढ्याची सोजरबाई पुटपुटली.

“दिसलं हुतं की आमाला.”

“काय दिसलं हुतं?”

“फिकं हाय ते. समद्यांस्नी दिसलं. मी दगडाबाईला म्हनलं, दगडाबाई मला म्हनली. पर खटका कोन बंद करनार? तुमीच म्हनला न्हवं का, मला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय म्हनून?”

 सुम्नीर म्हणायचं ईरम्माला सुचलं नाही. खातंभर बायका, सगळ्यांना दिसलेलं, आणि सगळ्यांनी मिळून दिवसभर नासकं सूत भरलं. आंधळ्या असत्या तर समजण्यासारखं होतं. त्या आंधळ्या नव्हत्या, तिनेच त्यांना तसं करून ठेवलं होतं. संध्याकाळी घरी जाताना कन्ना चौकापर्यंत ती स्वतःशी कानडीत भांडत गेली, आणि भांडणात दोन्ही बाजूंनी हरली.

त्यानंतर आठवडा गेला नसेल, मालकांनी तिला बोलावलं. राजय्या माणूस भला होता, पण धंदेवाला होता. स्वतः मागावर बसून मोठा झालेला, त्यामुळे गोड बोलूनही मुद्द्यावर चटकन यायचा.

“अम्मा, तुमचं आता वय झालं. अकलूजची लेक बोलावतीया, जावई साखर कारखान्यात हाय, आरामात बसा. संक्रांतीनंतर तुमी मोकळं व्हा. तुमच्या जागी मी धुळाप्पाला घालनार हाय.”

धुळाप्पा माग खात्यातला. वाईट माणूस नव्हता, पण त्याचा आवाज मोठा होता आणि समज बारीक. बायकांशी बोलताना तो भिंतीकडे बघून ओरडायचा. झोळ्या म्हणजे कारखान्याला लागलेली अवकळा, हे त्याचं मत त्याने कधी लपवलं नव्हतं. आणि धुळाप्पा आज बरा असला तरी पुरुष मुकादमाचा पायंडा पुन्हा पडला की त्याच्यानंतर कोण येईल याचा काय नेम? गुंत्याच्या लडी ईरम्मा विसरली नव्हती.

“माझ्या बायकांतली एकादी घाला की,” ती म्हणाली.

“कुठली? लाल आन् फिकं बघून गप बसनारी?”

 तिने खाली मान घातली, जे तिने या खोलीत कधीही केलं नव्हतं. मग म्हणाली, “गड्ड्यापतुर मुदत द्या. माझ्या तोंडाबिगर खातं चाललं तर त्यांच्यातली मुकादम करा. न्हाय चाललं तर तुमचा धुळाप्पा.”

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला. दिवाळी नुकतीच झाली होती. मालक म्हणाले, “यात्रेच्या आदी मोठा माल द्यायचाय. त्यात एक जरी खेप बिघडली तर माझ्यापुढं झोळीबिळी काय बोलायचं न्हाय.”

“न्हाय बोलनार,” ईरम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने खात्यात जाहीर केलं की आजपासून खटका पाळीने. रोज एक बाई स्टुलावर बसेल. खेप कुठली घ्यायची, कुठली परत पाठवायची, यंत्र कधी थांबवायचं, भांडण कसं मिटवायचं, सगळं तिनं ठरवायचं. प्रत्येकीची पाळी येणार, कुणाला सूट नाही. ईरम्मा स्वतः खाली पोत्यावर बसून कांड्या भरणार.

बायकांना वाटलं, अक्का थट्टा करतायत. सगळ्या तिला अक्का म्हणायच्या. मग वाटलं, रागावल्यात. मग वाटलं, म्हातारचळ.

खरी पंचाईत ईरम्माचीच होती. बोलल्याशिवाय तिला राहवायचं नाही. पहिल्या दिवशी सोजरबाई स्टुलावर बसली आणि ईरम्मा पोत्यावरून इतक्या सूचना देत राहिली की स्टूल कुणाचं आणि पोतं कुणाचं हेच कळेना. दुपारी भाकरी खाताना ते तिच्या लक्षात आलं. तिने चंची सोडली, दोन पानांचा जाडजूड विडा केला, तंबाखूची भरघोस चिमूट घातली आणि गालात कोंबला. तोंडात असं पान असलं की बोलता येत नाही. बोलायला जावं तर लुगडं खराब होतं, आणि इरकली लुगड्यावर डाग पाडून घेईल अशी ती बाई नव्हती. तेव्हापासून पाळी सुरू झाली की ईरम्माचं पान तोंडात जायचं. कुणी सवयीने ‘अक्का, हे कसं करू?’ म्हणून विचारायला आली तर ती गाल फुगवून नुसती स्टुलाकडे बोट दाखवायची. मालक एकदा काही विचारायला आले, त्यांनाही तिने बोटच दाखवलं. मालक कपाळाला आठ्या घालून स्टुलावरच्या दगडाबाईकडे वळले, आणि दगडाबाई घामाने भिजली.

सुरुवातीचे दिवस म्हणजे नुसता गोंधळ. सोजरबाईला अधिकाराची अशी हौस की धागा तुटला तरी खटका खाली. माग थांबले, विणकर भिंतीवर मागाच्या फण्या आपटायला लागले, धुळाप्पा दारात येऊन भिंतीकडे बघून ओरडून गेला. सोजरबाई घाबरली, आणि पुढच्या पाळीला तिने पट्टा सुटून फटफटायला लागला तरी खटक्याला हात लावला नाही. दगडाबाईची तऱ्हा निराळी. स्टुलावर बसली आणि तिची चाल बदलली, कपाळाला आठी आली, आणि ती एकीला म्हणाली, ‘पानी आन गं.’ पाळी संपल्यावर कुणी तिच्याशी बोलेना. भाकरीला सगळ्या गोल बसल्या तेव्हा तिच्यासाठी कुणी सरकून जागा केली नाही. ती कोपऱ्यात एकटीच कडक भाकरी मोडत बसली आणि रडली. ईरम्माने बघितलं. तिला त्या भाकरीच्या आवाजात स्वतःचीच कितीतरी वर्षं ऐकू आली. आपल्यासाठी तरी कुणी जागा करत होतं का? आपण येणार म्हणून उठून उभ्या राहत होत्या, ते निराळं.

भाकरीच्या सुट्टीत मात्र तोंडात पान नसायचं. तेव्हा ती बोलायची, पण आता विचारायची. ‘पट्टा सुटला तवा तुला काय वाटलं हुतं?’ ‘मग केलं का न्हाय?’ ‘तिच्या जागी तू असतीस तर?’ आधी बायका उत्तर देईनात. अक्का विचारते म्हणजे यात काहीतरी फास आहे, असंच त्यांना वाटायचं. मग एकेक बोलायला लागली, आणि पुढे तर अशा बोलायला लागल्या की शेंगाचटणी तशीच राहायची आणि भांडण रंगायचं. दगडाबाई दुसऱ्या पाळीला स्वतः उठून पाण्याचा तांब्या सगळ्यांपुढे फिरवायला लागली. सोजरबाईने असा रिवाज पाडला की खेप आली की एक लड जुन्या लडीशेजारी दोघींनी धरून बघायची, एकटीने नाही. हे ईरम्माला कधी सुचलं नव्हतं. सुचणार कसं? तिला एकटीलाच बघायची सवय.

बजाबाईची गोष्ट मात्र कठीण होती. मोडनिंबाकडची, नवरा मार्केटात हमाल. ती खात्यात आहे हे तिच्या पोराच्या झोळीवरून कळायचं, तिच्या आवाजावरून नाही. पाळी आली त्या सकाळी ती संडासात जाऊन बसली ती बाहेर येईना. ईरम्मा दाराशी उभी राहिली.

“अक्का, माजी पाळी दुसरीला द्या. मला बोलाय येत न्हाय.”

“खायाला तोंड हाय न्हवं? मग बोलाय बी हाय. भायेर ये.”

बजाबाई बाहेर आली, स्टुलाच्या काठावर बसली आणि दिवसभर तिने तोंडातून अक्षर काढलं नाही. खटक्याकडे पाठ करून बसली, दिसायलासुद्धा नको म्हणून. दुसऱ्या पाळीला निदान तोंड इकडे केलं. ईरम्माला वाटलं, हिच्याकडून काही होणार नाही. तसं ती सोजरबाईला म्हणालीसुद्धा. पण पाळी काढून घेतली नाही. एकदा सगळ्यांची म्हटली म्हणजे सगळ्यांची.

या सगळ्यात एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती आणि कुणी बोलत नव्हतं. ईरम्मा हल्ली लड बघायला दारापाशी उन्हात न्यायची. खात्यात उजेड कमी झालाय, असं म्हणून तिने दोनदा दिवा बदलून घेतला. तुटलेलं टोक शोधताना बोटांनी चाचपायची. तिच्या डोळ्यांत साय धरली होती, उजव्यात जास्त. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. बायका एकमेकींकडे बघायच्या आणि गप्प बसायच्या. बाकी सगळं बोलायला शिकल्या होत्या, हे तेवढं शिकल्या नव्हत्या. आणि ईरम्मा तरी कुठे स्वतःशी कबूल करत होती? रंग ओळखण्यात तिचा हात धरणारं साखर पेठेत कुणी नाही, हे तिने इतकी वर्षं ऐकलं होतं. विधवा बाईजवळ दुसरं काय असतं? तेवढं एक होतं.

संक्रांत जवळ आली. मोठा माल निम्म्याहून जास्त विणून झाला होता, एकही खेप बिघडली नव्हती. ईरम्मा मनातल्या मनात सिद्धेश्वराला नारळ बोलून बसली होती. लाल सुताची शेवटची खेप आली त्या दिवशी पाळी बजाबाईची होती, आणि ईरम्माला त्याच एका गोष्टीची धास्ती होती. सगळं व्यवस्थित चाललंय, आणि नेमकी आता ही मुकी स्टुलावर. रंगखात्याचा माणूस घाई करत होता, पलीकडून विणकर कांड्या मागत होते, आणि बजाबाई लड हातात घेऊन नुसती उभी. दुसरीला शेजारी बोलावून बघायचा रिवाजसुद्धा ती विसरली. ईरम्माला राहवलं नाही. जित्याची खोड. तिने पान अजून घातलं नव्हतं. उठली, बजाबाईच्या हातातून लड घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, “चांगलं हाय. लावा.”

अक्का म्हणाली चांगलं, म्हणजे चांगलं. रंगखात्याचा माणूस गेला, बायकांनी लडी चढवल्या, पट्टे फिरायला लागले. ईरम्मा पोत्यावर जाऊन बसली. सुटल्यासारखं वाटलं तिला.

थोड्या वेळाने सगळी यंत्रं घरघरत मंद झाली आणि थांबली. झोळीतली पोरं आवाज थांबला म्हणून जागी झाली. ईरम्माने वर बघितलं. बजाबाई भिंतीपाशी उभी होती, हात खटक्यावर. खटका खाली होता.

पलीकडून फण्या आपटायला लागल्या. धुळाप्पा आला, त्याच्यामागून मालक आले.

“कुनी बंद केलं?”

बजाबाईचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला. “मी.”

“का?”

“ह्यो रंग... त्यो न्हाय.”

धुळाप्पा हसला. “ईरम्मांनी पास केलंय ते. रंगखात्याचा मानूस सांगत हुता. ही कोन लागून गेली?” असं म्हणून तो खटका वर करायला पुढे झाला. बजाबाई जागची हलली नाही. आणि ईरम्माने जन्मात पाहिली नव्हती अशी गोष्ट घडली. सोजरबाई यंत्रावरून उठून बजाबाईच्या एका बाजूला येऊन उभी राहिली, दगडाबाई दुसऱ्या.  धुळाप्पाचा हात तसाच हवेत राहिला.

मालकांनी लडीकडे बघितलंसुद्धा नाही. ते ईरम्माकडे वळले. इतक्या वर्षांचा तो विश्वास होता. “अम्मा, तुमी सांगा. तुमचा शबुद. चालू करायचं का?”

ईरम्मा उठली. तिने एक जुनी लड घेतली आणि एक नवी, आणि दोन्ही घेऊन दाराशी उन्हात गेली. डाव्या डोळ्याने बघितलं, उजव्याने बघितलं. लांब धरून, जवळ धरून. ऊन चांगलं लख्ख होतं. तिला दोन्ही लडी सारख्याच लाल दिसल्या.

 पाठीमागे सगळं खातं तिच्या तोंडाकडे बघत होतं. ‘चालू करा’ म्हटलं असतं तर कुणी चकार शब्द काढला नसता. तिची रंगाची नजर पेठेत होती तशी राहिली असती, निदान आजचा दिवस. बजाबाईने खाली मान घालून खटक्यावरून हात काढला असता, आणि मग या जन्मात तिने पुन्हा तो उचलला नसता. तिनेच का, दुसऱ्या कुणीही. ईरम्माला राग आला. फार राग आला. दिवाळीपर्यंत जिच्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं त्या बाईने सगळ्यांपुढे आपला शब्द खाली पाडला, म्हणून. आणि त्या रागातच तिला कळलं की आपल्याला दिसत नाही हे बजाबाईला सकाळीच कळलं होतं. सगळ्यांनाच केव्हाचं कळलं होतं. ती दारात उभी राहून सगळ्यांपुढे म्हातारी झाली.

तिने दोन्ही लडी मालकांच्या हातात दिल्या. मग कमरेची चंची सोडली. सावकाश पान काढलं, चुना लावला, सुपारी टाकली, तंबाखूची चिमूट घातली. मालक बघत राहिले. धुळाप्पा काहीतरी बोलायला गेला, तर तिने त्याच्याकडे बघून सुम्नीर म्हटलं, आणि मग विडा गालात कोंबला. त्यानंतर तिने हात लांब करून स्टुलाकडे बोट दाखवलं.

मालकांना अर्थ कळायला वेळ लागला नाही. ते बोट त्यांनी आधी पाहिलं होतं. ते स्वतः लडी घेऊन उन्हात गेले. बघितलं, पुन्हा बघितलं, आपल्या घरच्या तेलुगूत रंगखात्याला एक शिवी दिली आणि परत येऊन धुळाप्पाला म्हणाले, “खेप परत पाठव. आन् मागवाल्यांस्नी सांग, दम धरा म्हनावं. हितलं हितल्या बायका बघतील.”

धुळाप्पा गेला. जाताना त्याने पहिल्यांदाच भिंतीऐवजी बायकांकडे बघितलं. मालक थोडा वेळ घुटमळले. ईरम्माच्या डोळ्यांकडे त्यांनी एकदा नीट बघितलं आणि निघून गेले. संक्रांतीनंतर खात्यावर कोण हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. विचारायचं काही उरलं नव्हतं.

बदली खेप येईपर्यंत यंत्रं बंद होती. बायका पोरांना घेऊन बसल्या.  बजाबाई खटक्यापासून निघाली आणि पोत्यापाशी येऊन ईरम्मासमोर उकिडवी बसली. डोळ्यांत पाणी.

“अक्का, तुमी पास केल्यालं मी बंद केलं. चुकलं का वो माजं?”

ईरम्माच्या गालात पान होतं. ती उठली, दाराबाहेर जाऊन पिंक टाकली, तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि आत येऊन पुन्हा पोत्यावर बसली.

“मला दिसलं न्हाय, तुला दिसलं,” ती म्हणाली. “मग मला काय इचारतीस?”